सैनिकी गावातलं चेंबर ऑफ कॉमर्स नेमकं कशासाठी असतं?

प्रश्न: टेक्सासमध्ये किलीनला एक छोटं ड्रायक्लीनिंगचं दुकान विकत घ्यायचा विचार आहे. गिऱ्हाईक बहुतेक सैनिकच. विकणारा म्हणतो, आधी चेंबर ऑफ कॉमर्सचे, म्हणजे गावातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचे, सभासद व्हा. वर्गणी भरून हाती काय लागतं? की नुसत्या फिती कापायच्या आणि फोटो काढायचे?

उत्तर:

फिती कापतात, फोटोही काढतात. पण सैनिकी गावात चेंबरचं खरं काम वेगळंच असतं, आणि ते कळायला मला स्वतःला तीन वर्षं लागली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २०१० पासून इथे फोर्ट हूड या सैन्याच्या तळाच्या एका गेटजवळ शिवणकामाचं दुकान चालवते. गणवेशाच्या पँटी आखूड करणं, नावाच्या पट्ट्या लावणं, बढती मिळाली की हुद्द्याची चिन्हं बदलणं. हा धंदा मला नवा नव्हता. माझे वडील देवळाली कॅम्पात शिंपी होते. तोफखान्याच्या स्कूलमध्ये कोर्सला आलेले तरुण अधिकारी आमच्याकडे ब्लेझर शिवायला टाकायचे. वडिलांचं एक ठरलेलं होतं: ज्याचा कोर्स महिनाअखेर संपतोय त्याला उधारी नाही, पण त्याचं काम सगळ्यांच्या आधी. गिऱ्हाईक जाणार आहे हे धरूनच दुकान चालवायचं, हे मी तिथे शिकले. किलीनमध्ये तेच आहे, फक्त शंभर पट मोठं.

हे गाव तळाच्या जिवावर उभं आहे. १९४० च्या जनगणनेत इथे १,२६३ माणसं होती, आसपास कापूस आणि शेतकरी. १९४२ मध्ये रणगाडे उडवायचं शिक्षण देण्यासाठी सैन्याने इथली जमीन घेतली, शेकडो कुटुंबं उठवली आणि कॅम्प हूड उभा केला. महायुद्ध संपलं, कॅम्प रिकामा व्हायला लागला, तसं गावही बसलं. १९५० मध्ये तळ कायमचा झाल्यावर पुन्हा उभारी आली. त्या वर्षी ७,०४५ लोक होते, २०२० मध्ये १,५३,०९५. एका निर्णयाने गाव वाढतं आणि दुसऱ्या निर्णयाने बसतं, ही भीती इथल्या जुन्या दुकानदारांच्या हाडात आहे.

चेंबरचं पहिलं काम या भीतीतून आलं: तळ टिकवणं. अमेरिकेत १९८८ ते २००५ या काळात नको असलेले तळ बंद करण्याच्या पाच फेऱ्या झाल्या. इथून अडीच तासांवर सॅन अँटोनियोत ‘केली’ नावाचा हवाई दलाचा प्रचंड तळ होता, १९९५ च्या फेरीत त्याचं नाव आलं आणि २००१ मध्ये तो बंद झाला. अशा वेळी प्रत्येक सैनिकी गाव वॉशिंग्टनला जाऊन सांगतं की आमच्याकडे घरं आहेत, शाळा आहेत, कुंपणाला लागून वस्ती वाढलेली नाही, रात्रीच्या गोळीबाराच्या सरावाबद्दल कोणी तक्रार करणार नाही. हे सांगण्यासारखं असावं म्हणून आधीची कित्येक वर्षं रस्ते, पाणी, विमानतळ यांच्यामागे लागावं लागतं. किलीनचा नागरी विमानतळ २००४ पासून सैन्याच्याच धावपट्टीवर चालतो. गावातून जाणाऱ्या महामार्गाला २०१७ मध्ये आंतरराज्य १४ हा दर्जा मिळाला. तळावरचं अवजड सामान बंदरांकडे नेण्याचा रस्ता, हा त्यामागचा एक मोठा मुद्दा होता. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला यातून लगेच काही मिळत नाही. पण तळ राहिला तर दुकान राहील.

तुमच्या रोजच्या गल्ल्याशी संबंध आहे तो दुसऱ्या कामाचा. इथे पगार १ आणि १५ तारखेला होतो, गर्दी त्या हिशोबाने. उन्हाळ्यात बदल्यांचा हंगाम. आणि एखादी ब्रिगेड पोलंडला किंवा कोरियाला नऊ महिन्यांसाठी गेली की चार हजारांच्या आसपास माणसं गावातून एकदम उठतात. जाण्याआधीचे दोन आठवडे मी रात्री अकरापर्यंत मशीनवर असते. नंतर सकाळी कुलूप काढावं आणि अकरा वाजेपर्यंत दाराची घंटी वाजू नये. चेंबरच्या बैठकीला तळाचे प्रतिनिधी येतात, आणि सैन्याने जे जाहीर केलेलं असतं ते दुकानदारांना समजेल अशा भाषेत सांगतात. गुप्त काही सांगत नाहीत, आणि तुम्हीही कधी तारखा विचारू नका. पण तेवढ्यावरून माल किती भरायचा, मदतनीस कधी ठेवायचा, हे ठरवता येतं. माझ्याकडे काम करणाऱ्या दोन्ही बायका सैनिकांच्या पत्नी आहेत, दोघी चेंबरच्या ओळखीतून आल्या. नवऱ्याची बदली झाली की त्याही जाणार, हे मी गृहीत धरलेलं आहे.

आता ज्या कामामुळे मी दरवर्षी वर्गणी भरते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा चार पँटी न्यायला आला. पैसे काढताना पाकिटातून एक घडी केलेला कागद काउंटरवर पडला. तो तसाच बघत राहिला, उचलेना. जुन्या गाडीच्या कर्जाचा कागद होता, व्याज भरमसाट. गाडी दोन महिन्यांत बंद पडली होती, हप्ता चालूच होता. पँटीचे पैसे पंधरा तारखेला दिले तर चालतील का, असं त्याने इतकं हळू विचारलं की मला पुन्हा विचारावं लागलं. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

सैनिकांना दिल्या जाणाऱ्या कर्जावर २००६ च्या कायद्याने ३६ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण तीच गाडी तारण ठेवून घेतलेलं गाडीखरेदीचं कर्ज त्या कायद्यात सहसा बसत नाही. म्हणजे घरापासून दूर आलेल्या, पहिला पगार हातात पडलेल्या पोराला जिथे सगळ्यात सहज फसवता येतं, तिथेच फट आहे. तळावर सैनिकांसाठी मोफत कायदेशीर सल्ल्याचं ऑफिस असतं, हेही त्याला माहीत नव्हतं. मी त्याला तिथे जायला लावलं. आणि पुढच्या बैठकीत उभी राहून हा सगळा प्रकार कोणाचंही नाव न घेता सांगितला. हात कापत होते, कारण समोर गाड्या विकणारेही बसले होते. कोणी वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात तळावरचा एक कायदेतज्ज्ञ अधिकारी जेवणाच्या बैठकीला आला आणि त्याने सभासदांना सैनिकांशी व्यवहाराचे नियम समजावून दिले. घरभाड्याचा करारही त्यात आला: बदलीचा किंवा मोहिमेवर जाण्याचा हुकूम आला तर सैनिक तो करार मध्येच मोडू शकतो, हे अनेक घरमालकांना तेव्हा नव्याने कळलं.

एखादं दुकान सैनिकांना लुबाडतंय असं ठरलं तर सैन्य त्या दुकानात जायलाच बंदी घालू शकतं. पण तोवर बऱ्याच पोरांचं नुकसान झालेलं असतं. त्याआधी शेजारच्या दुकानदाराने सांगितलं तर ते ऐकलं जातं, आणि तसं सांगायची जागा चेंबरच आहे. चेंबर वर्गणीवर चालतं, वर्गणी देणाऱ्याला दुखवणं जड जातं, हे मला कळतं. तरीही माझ्या मते सैनिकी गावातलं चेंबर चांगलं की वाईट हे इथेच कळतं.

तेव्हा वर्गणी भरण्याआधी पाहुणे म्हणून एका बैठकीला जा. तळाचं कोणी येतं का आणि सभासद त्यांच्याशी काय बोलतात, ते बघा. सैनिकांच्या तक्रारी आल्या तर तुम्ही काय करता, हे सरळ विचारा. दुकानाच्या पाटीवर तळाचं नाव घालू नका. फोर्ट हूडचं २०२३ मध्ये फोर्ट कावाझोस झालं आणि २०२५ मध्ये परत हूड. आणि विकणाऱ्याकडून वर्षाचा एकूण आकडा घेऊ नका, मागच्या तीन वर्षांचा महिनावार हिशोब मागा. तो घेऊन चेंबरमधल्या एखाद्या जुन्या दुकानदारासमोर बसा. कोणते महिने ब्रिगेड बाहेर असल्याचे आहेत, ते तो बोट ठेवून दाखवेल.