भारतात परिचर्या व्यवसायाचा विकास कसा होईल?

नवी नर्सिंग महाविद्यालये काढल्याने हा व्यवसाय पुढे जाईल का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते केवळ तेवढ्याने तो पुढे जाणार नाही; परिचारिकेला निर्णयाचा अधिकार आणि बढतीची खरी वाट मिळाली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात मात्र रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकच सिस्टर सलाईन बदलते, इंजेक्शने देते, नातेवाइकांना धीर देते आणि पहाटे रजिस्टर भरत बसते.

आशादायक उदाहरणही आहे. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या परिचारिकांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन गावांतील आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले जाते, आणि गावातला रक्तदाब किंवा मधुमेहाचा रुग्ण तपासणीसाठी आधी त्यांच्याकडेच येतो. ही पदे बहुतांशी कंत्राटी आहेत, हे मला फार खटकते. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका (बाळंतपण करणाऱ्या परिचारिका) आयोगाचा कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी करताना धोरण ठरवणाऱ्या जागांवर अनुभवी परिचारिका बसवाव्यात.