भट्टीच्या अस्तराला रॉकवूल चालेल का, की सिरॅमिक फायबरच लागेल?

भट्टी १००० अंश सेल्सिअसला चालवायची म्हणताय, तर आतल्या बाजूला रॉकवूल (वितळलेल्या दगडाच्या धाग्यांचं अस्तर) विसरा. ते साधारण ६५०-७०० अंशांपर्यंत तग धरतं; काचेच्या धाग्यांचं ग्लासवूल त्याच्याही आधी हात टेकतं. बाहेरच्या थराला, जिथे तापमान उतरलेलं असतं, तिथे मात्र रॉकवूल खुशाल वापरा, पैसे वाचतील.

आत ॲल्युमिना-सिलिकाचं सिरॅमिक फायबर ब्लँकेट घाला. पण त्यावर छापलेला १२६० अंश हा आकडा वर्गीकरणाचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे. सतत चालवायचं तर शंभर-दीडशे अंश खालीच राहा. वर गेलात की धागे आकसतात, सांधे उघडतात आणि नेमका तिथला भट्टीचा बाहेरचा पत्रा लाल होतो. म्हणून ब्लँकेट किंचित दाबूनच बसवायचं आणि दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

घनताही बघा. उष्णता अडवते ती धाग्यांत अडकलेली हवा, पण एवढ्या तापमानाला बरीच उष्णता प्रारणाने पार होते. दाट धागे ती जास्त अडवतात, त्यामुळे ६४ किलो प्रति घनमीटरपेक्षा १२८चं ब्लँकेट सरस.

खरी काळजी जुनं अस्तर काढताना. खूप तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होतं. स्फटिकरूप सिलिकाच तो, फुप्फुसांना घातक. पाणी फवारून, चांगला रेस्पिरेटर लावून काढा, कापडी मास्क काही कामाचा नाही. नवीनच घेणार असाल तर शरीरात लवकर विरघळणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटचं ब्लँकेट माझ्या मते बरं. १००० अंशांना ते पुरतं.