मोबाइलवर ४१ अंश, मग गुलमंडीत अंगाची लाही का होते? हा नुसता भास, की मोजता येतं?

भास नाही, आणि मोजताही येतं. मोबाइलवरचा आकडा नुसत्या हवेचा. हवामान केंद्रात तापमान पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत मोजतात. तुम्ही संभाजीनगरच्या भर बाजारात उभे असता तेव्हा वरून ऊन असतंच, शिवाय डांबर, समोरची भिंत, दुकानाचा पत्रा, सगळ्यांची झळ अंगावर येते. पत्र्याच्या शेडमध्ये सावलीत बसूनही टाळू तापते ना? ती हीच.

ही सगळी झळ मिळून जो आकडा निघतो त्याला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. त्यासाठी पोकळ गोळ्याच्या मधोमध तापमापी बसवतात. जुना गोळा तांब्याचा, काळा, १५ सेंटीमीटरचा. तो स्थिरावायला वीसेक मिनिटं घेतो. मी वास्तुरचना शिकवते. पहिल्या उन्हाळ्यात हाच गोळा घेऊन पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत दर पाच मिनिटांनी नोंदी केल्या आणि अख्खी वही वाया गेली. सावलीतल्या नोंदीत मागच्या चौकातलं ऊन उतरलं होतं! आता ४० मिलिमीटरचा टेबल टेनिसचा चेंडू वापरते, राखाडी रंगवलेला. काळा रंग माणसाच्या अंगापेक्षा जास्त ऊन शोषतो.

मात्र गोळ्यावरचा आकडा तसाच उचलू नका, कारण वारा गोळ्याला निववत असतो. समजा हवा ४० अंश आणि मोठा गोळा ५० दाखवतोय. वारा सेकंदाला १ मीटर असेल तर प्रारण तापमान निघतं सुमारे ६७. वारा ०.३ मीटरच असेल तर ५९ च्या आत. म्हणून वाऱ्याचं मापक शेजारी हवंच.

महागडी पद्धत सहा दिशांनी प्रारण मोजण्याची. तिच्यात उभ्या माणसासाठी चारही बाजूंना प्रत्येकी ०.२२ वजन देतात, वर आणि खाली फक्त ०.०६. दाट वस्तीत भिंतींना एवढं महत्त्व का, ते इथे कळतं.

अरुंद बोळ वाईटच, असं मात्र मला वाटत नाही. भर दुपारी त्यांची सावली मोठा आधार असते. अडचण दिवेलागणीनंतरची. आमखास मैदानाची जमीन आभाळाकडे उष्णता सोडून निवते, बोळातल्या भिंती ती एकमेकींनाच देत राहतात. तेव्हा दोन्ही वेळा मोजा. आणि यंत्र नसेल तर रात्री नऊला काळ्या पाषाणाच्या एखाद्या जुन्या भिंतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरून बघा.