स्टॅटिस्टिकल सिग्नल प्रोसेसिंग घेणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

एम.टेक.च्या पहिल्याच सत्रात हा विषय घेते आहेस, हे बरं केलंस. नावावरून तो डीएसपीचा (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा) पुढचा भाग वाटतो, पण तसा नाही. डीएसपीत सिग्नल हातात असतो आणि त्याचं काय करायचं ते आपण शिकतो. इथे सिग्नल नॉइजमध्ये, म्हणजे नको असलेल्या गोंगाटात, बुडालेला असतो. त्याच्याबद्दल अंदाज बांधायचा आणि तो अंदाज किती चुकू शकतो तेही सांगायचं. बहुतेक विद्यार्थी पहिलं काम करून थांबतात, आणि गुण दुसऱ्या कामात कापले जातात.

वर्ग सुरू होईपर्यंत सगळी प्रोबॅबिलिटी उजळण्याच्या फंदात पडू नकोस. गेट प्रवेश परीक्षेसाठी घोटलेले फासे आणि पत्ते इथे फारसे कामी येत नाहीत. एकच गोष्ट पक्की कर: दोन जॉइंट गॉसियन राशींपैकी एक मोजली, तर दुसरीचा कंडिशनल मीन (पहिली कळल्यावरची सरासरी) काय येतो. उत्तर असं आहे: अज्ञाताची मूळ सरासरी, अधिक दोघांचा क्रॉस-कोव्हेरिअन्स (दोन्ही किती एकत्र बदलतात ते) गुणिले निरीक्षणाच्या कोव्हेरिअन्सचा इनव्हर्स गुणिले निरीक्षणाचं त्याच्या सरासरीपासूनचं अंतर. आधी साध्या दोन राशींसाठी हाताने काढ, मग मॅट्रिक्ससाठी. नॉइजमधून सिग्नल वेगळा काढणारा वीनर फिल्टर म्हणजे हेच सूत्र, आणि १९६०चा काल्मन फिल्टर म्हणजे हेच सूत्र दर नव्या मापनागणिक पुन्हा वापरणं. कोडमध्ये मात्र इनव्हर्स काढत बसू नकोस. लिनिअर समीकरणं सोडवणारं फंक्शन वापर. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर (इनव्हर्सच नसलेला) असला की इनव्हर्स घेऊन आलेले आकडे कचरा निघतात, आणि चूक थिअरीत शोधण्यात रात्र जाते.

यानंतर क्रामर–राव मर्यादा येईल. अनबायस्ड एस्टिमेटर (सरासरीने खऱ्या किमतीवरच पडणारं अंदाजाचं सूत्र) कितीही हुशारीने बनवला, तरी त्याचा व्हेरिअन्स, म्हणजे अंदाजांचा विखुरलेपणा, या मर्यादेखाली जात नाही. यातले राव म्हणजे संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव. त्यांचा निबंध १९४५मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. कलकत्त्यात ते शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारलं होतं की, मोठ्या सँपलसाठी जी असमानता सांगितली, ती मर्यादित सँपलसाठी का नाही? तो विद्यार्थी म्हणजे पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून नावाजलेले वि. म. दांडेकर. तेव्हा वर्गात शंका आली तर विचार, दाबून ठेवू नकोस.

ही मर्यादा कागदावर सिद्ध करून कळत नाही, म्हणून एक प्रयोग करून बघ. एक साइन वेव्ह घे: नमुने ६४, ॲम्प्लिट्यूड १, फ्रिक्वेन्सी दर नमुन्याला ०.१३ सायकल, फेज दर वेळी नव्याने रँडम. त्यात ०.०५ व्हेरिअन्सचा व्हाइट गॉसियन नॉइज मिसळ. सिग्नलची पॉवर ०.५, म्हणजे एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांच्या पॉवरचं गुणोत्तर) १० डीबी. (नॉइज बनवणाऱ्या फंक्शनला स्टँडर्ड डेव्हिएशन द्यायचं असतं, व्हेरिअन्स नाही. वर्गमूळ घ्यायला विसरलीस तर एसएनआर १३ डीबीने फुगेल आणि सगळे आलेख उगाच देखणे दिसतील.) आता ६४ पॉइंटचा एफएफटी (सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सींचा बनला आहे ते दाखवणारं गणित) घेऊन सर्वांत उंच बिन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा कप्पा, शोध. तोच फ्रिक्वेन्सीचा अंदाज. हे हजार वेळा कर.

हजारही वेळा ८वा बिनच येईल, म्हणजे ०.१२५. व्हेरिअन्स शून्य! क्रामर–राव मर्यादा मोडली की काय? नाही. एस्टिमेटर बायस्ड आहे. दर वेळी तो नेमका ०.००५ने चुकतो आहे. मर्यादेनुसार इथे स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०००३४च्या आसपास शक्य आहे, म्हणजे तुझी चूक त्याच्या सुमारे १५ पट. आणि प्रयोगासाठी ०.१२५ हीच फ्रिक्वेन्सी निवडली असतीस, तर चूक शून्य दिसून एस्टिमेटर परिपूर्ण वाटला असता. म्हणून गोल आकडे घेऊन कधीही तपासू नये, आणि नुसता व्हेरिअन्स न बघता मीन स्क्वेअर एररही (चुकांच्या वर्गांची सरासरी) बघावा.

आता झिरो पॅडिंग करून (नमुन्यांच्या शेवटी शून्यं जोडून) ४०९६ पॉइंटचा एफएफटी घे. चूक मर्यादेला जवळपास टेकेल, किंचित वर राहील. उरलेला भाग ग्रिडचा आणि निगेटिव्ह फ्रिक्वेन्सीकडून पसरत येणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे लीकेजचा. मग एसएनआर हळूहळू उतरव. उणे ५ डीबीपर्यंत गेलीस की चूक एकदम उसळेल, कारण कधीकधी नॉइजचंच एखादं शिखर सिग्नलपेक्षा उंच निघतं आणि अंदाज भलतीकडेच पडतो. मर्यादेच्या सूत्रात हे दिसत नाही, आलेखात दिसतं. हजार फेऱ्यांत मोजलेला व्हेरिअन्स साडेचार टक्के इकडेतिकडे होणारच. ३ टक्के खाली आला तर घाबरू नकोस, निम्मा आला तर कोड तपास.

स्पेक्ट्रमच्या भागात सर्वांचा समज चुकतो तो पिरियडोग्रामबद्दल, म्हणजे एफएफटीच्या वर्गावरून काढलेल्या स्पेक्ट्रमबद्दल. डेटा वाढवला की तो गुळगुळीत होत नाही, व्हेरिअन्स तेवढाच राहतो. १०२४ नमुन्यांचे १२८चे, निम्मे एकमेकांवर चढवलेले १५ तुकडे करून, हॅन विंडो लावून (प्रत्येक तुकड्याच्या कडा शून्याकडे उतरवून) सरासरी घेतलीस तर तो सुमारे १४ पट उतरतो. पण १००० हर्ट्झच्या सँपलिंगला मेन लोब (एका टोनचं शिखर) ३१ हर्ट्झ रुंद होतो, आणि १० हर्ट्झ अंतरावरचे दोन टोन एकच दिसतात. हा सौदा टळत नाही. आणखी एक: हीच सरासरी काढणारं, पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं वेल्च फंक्शन न सांगता प्रत्येक तुकड्याची सरासरी वजा करतं. डीसी (सिग्नलचा स्थिर भाग) कुठे गेला म्हणून शोधत बसू नकोस.

ऑटोकोरिलेशन (सिग्नलचं स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी साम्य) काढताना बेरजेला एकूण नमुन्यांनी भाग, उरलेल्या जोड्यांच्या संख्येने नको. दुसरा प्रकार अनबायस्ड आहे खरा, पण त्याचा मॅट्रिक्स पॉझिटिव्ह राहीलच असं नाही. मग त्यावरून मॉडेल काढणाऱ्या लेव्हिन्सन रिकर्शनमधून युनिट सर्कलबाहेरचे पोल निघतात, म्हणजे मॉडेल अस्थिर होतं. इथे थोडा बायस परवडतो.

डिटेक्शन, म्हणजे सिग्नल आहे की नाही ते ठरवणं, सत्राच्या शेवटी येतं आणि घाईत उरकलं जातं. नेमन–पीअर्सनची चौकट सोपी आहे: फॉल्स अलार्म (सिग्नल नसताना ‘आहे’ म्हणणं) किती चालेल ते आधी ठरवायचं, मग थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीवर ‘आहे’ म्हणायचं ती, काढायचा. पण दहा लाखांत एक अशी फॉल्स अलार्मची शक्यता हजार फेऱ्यांच्या सिम्युलेशनने तपासता येत नाही. त्यासाठी निदान दहा कोटी फेऱ्या हव्यात. आधी शंभरात एकवर कोड बरोबर चालतो का बघ, मग खाली जा. रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा क्रमांक) मात्र प्रत्येक आलेखाखाली लिहून ठेव, म्हणजे आठवड्याने तोच आलेख पुन्हा काढता येईल.