काच भिजते की ओली होते?

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: एकाच पृष्ठावर ‘वेटेबिलिटी’ (द्रव पृष्ठावर किती पसरतो तो गुण) हळूहळू बदलत गेली तर पाण्याचा थेंब कसा वागतो याचं संगणकावर सिम्युलेशन केलंय, गोषवारा मराठीत द्यायचाय, तर ‘वेटेबिलिटी’ला काय म्हणावं? मार्गदर्शक ‘आर्द्रता’ म्हणतात, तिला स्वतःला ‘भिजणक्षमता’ बरं वाटतं.

आर्द्रता नको. ती हवेतली, जुलैत पणजीला कपडे वाळू देत नाही ती.

‘भिजणक्षमता’ आधी मलाही पटला होता. मग आमच्या जुन्या घराकडे पावसात नीट पाहिलं. चिऱ्याची भिंत भिजते, कारण चिरा पाणी पितो. खिडकीतलं शिंपल्याचं तावदान ओलं होतं. परसातलं अळू दोन्ही करत नाही. तांदूळ भिजत घालतात, ओले घालत नाहीत. फरशी पुसल्यावर ओली असते, भिजलेली नसते. म्हणजे भिजण्यात पाणी आत मुरणं आलं, ओलं होणं वरच्यावर भागतं. (छत्री मात्र भिजते, हे मान्य. बोलीला कुंपण घालता येत नाही.) सिम्युलेशनमधला थेंब आत मुरत नाही, पृष्ठावर पसरतो किंवा गोळा होऊन बसतो. तेव्हा शब्द ‘ओल’वरून घडवावा.

गंमत अशी की ‘ओला’ हा प्राकृत ‘ओल्ल’वरून आला, आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात तो ‘आर्द्र’चाच अपभ्रष्ट भाऊ आहे. मार्गदर्शक घराण्यात चुकले नाहीत, भावंडात चुकले.

मी ‘ओलनशीलता’ सुचवेन. देशी शब्दाला संस्कृत शेपूट लावलंय, वैयाकरण नाक मुरडतील. पण ‘शील’ इथे नेमकं बसतं: ज्वलनशील पदार्थ पेटलेला नसतो, पेटण्याजोगा असतो. शिवाय हा गुण कमी-जास्त मोजता येतो, तो स्पर्शकोनाने, म्हणजे थेंबाची कड पृष्ठाशी आतून जो कोन करते त्याने. पाण्याचा कोन 90 अंशांहून कमी असेल तर पृष्ठ जलस्नेही, जास्त असेल तर जलविरोधी; कमळाच्या पानावर तो 150 च्याही पुढे जातो. ‘जलस्नेही’ वाचताना मला हसू येतं, संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही. पण शब्द रुळलाय, राहू दे. फक्त पारा किंवा तेलाचा थेंब असेल तर ‘जल’ चालणार नाही, ‘ओलनशील’ चालेल.

तुमच्या गोषवाऱ्याच्या शीर्षकात पृष्ठांना ‘भिन्न’ म्हटलंय, ते मात्र बदला. भिन्न म्हटलं की एक काच, एक मेण, एक टेफ्लॉन असे सुटे तुकडे डोळ्यांपुढे येतात. तुमच्याकडे एकाच पृष्ठावर हा गुण हळूहळू बदलतो, आणि सगळी मौज त्यातच आहे: थेंबाच्या दोन कडांना वेगळे कोन मिळतात, तो जास्त ओलनशील बाजूकडे ओढला जातो. 1992 मध्ये चौधरी आणि व्हाइटसाइड्स या शास्त्रज्ञांनी असा थेंब 15 अंशांच्या चढावर वर चढवून दाखवला होता. इथे ‘बदलती’ हवं.

सिम्युलेशनला ‘सदृशीकरण’ आहे; गोषवाऱ्यात एकदा तो लिहा, पुढे खुशाल सिम्युलेशन म्हणा. आणि तोंडी परीक्षेत कुणी ‘ओलनशील म्हणजे काय’ विचारलंच, तर अळवाचं एक पान आणि काचेची एक पट्टी सोबत ठेवा.