झाडू मारणारा कॅप्टन आणि तुमची लेक

ताई,

ह्यूस्टनहून पाठवलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीचं हायस्कूल यंदा संपतंय. तिला कॉलेज नको, गिटार घेऊन थेट नॅशव्हिल, अमेरिकेतलं ते गाण्यांचं शहर, गाठायचंय. तुम्ही नको म्हटलंत की ती क्रिस क्रिस्टोफरसन या अमेरिकी गायक-गीतकाराचं नाव पुढे करते: ‘सैन्य सोडून त्याने स्टुडिओत झाडू मारला, मग मी का नाही?’ आणि तिचे बाबा म्हणालेत, गेलीस तर या घराचं दार बंद.

उदाहरण तिने फार चांगलं निवडलंय, फक्त गोष्ट मधूनच सुरू केलीय. तुमच्याच टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला 1936 साली जन्मलेला हा माणूस ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकला, ब्लेकच्या कवितेत रमला. मग सैन्यात हेलिकॉप्टर चालवायला शिकला, कॅप्टन झाला. 1965 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत साहित्य शिकवायची संधी समोर असताना तो बाहेर पडला, तेव्हा 29 वर्षांचा होता. नॅशव्हिलमधल्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने केर काढला हे खरंच. पण केर काढून घर कुठे चालतं? म्हणून पुढे तो एक आठवडा लुइझियानाच्या समुद्रात तेलविहिरींवर हेलिकॉप्टरच्या फेऱ्या मारायचा आणि पुढचा आठवडा नॅशव्हिलमध्ये गाणी घेऊन दारं ठोठवायचा. काही गाणी तर तिथे समुद्रात, तेलविहिरीच्या फलाटावर बसून लिहिलेली. हातात वैमानिकाचं काम होतं म्हणून त्याच्या गाण्यांना वाट बघता आली. त्याच्या आयुष्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आणखी एक. त्याचं नाव झालं ते आधी दुसऱ्यांच्या गळ्यातून. जॅनिस जॉप्लिनने गायलेलं त्याचं गाणं 1971 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. सिनेमातलं यश, गोल्डन ग्लोब, हे सगळं नंतरचं. तेव्हा लेकीला विचारा, तुला गायचंय की लिहायचंय? अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतं, गाणाऱ्याला नाही. हा हिशेब आणि कॉपीराइट कळल्याशिवाय तिने कुठल्याही कागदावर सही करू नये. हे शिकायची सोय नॅशव्हिलमध्येच आहे: बेलमाँट विद्यापीठात गीतलेखन आणि संगीत व्यवसाय हे पदवीचे विषय आहेत. ते खासगी आहे, फी जड आहे. जवळच मर्फ्रीसबरोचं सरकारी विद्यापीठही बघा. कॉलेज नकोच असेल, तर पोट भरेल असं एखादं काम तिने आधी नीट शिकावं.

आता तिच्या बाबांसाठी. क्रिस्टोफरसनचे वडील हवाई दलात मेजर जनरल होते. मुलगा गाण्यामागे गेला म्हणून घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. या गोष्टीतला हा एवढा भाग तुमच्या घरी घडू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. या उन्हाळ्यात आठवडाभर तिला नॅशव्हिलला घेऊन जा, ब्लूबर्ड कॅफेत नवखे गीतकार गातात ते ऐकवा. गाडी बाबांनीच चालवावी. 12 तासांचा रस्ता आहे, तिची आजवरची सगळी गाणी ऐकून होतील.