भुसावळचा भाचा तापीत पट्टीचा पोहतो. वॉटर पोलोच्या भारतीय संघापर्यंत जाईल का?

जाऊ शकतो भाऊ, पण नुसत्या पोहण्यावर नाही. या खेळात तळाला पाय टेकवायचा नाही आणि गोलरक्षक सोडून कुणी दोन्ही हातांनी चेंडू धरायचा नाही. म्हणून आधी त्याला उभ्यानं पाणी तुडवायला शिकवा: पाय आळीपाळीनं गोल फिरवायचे, हात मोकळे. सामन्याची आठ-आठ मिनिटांची चार सत्रं या पायांवरच निघतात. हे तापीत नको बरं, जलतरण तलावात, प्रशिक्षकासमोरच. पुढं राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा, निवड झाली तर शिबिर. युरोपातल्यासारखी मोठी लीग आपल्याकडे नाही, पोरं तिथंच मागे पडतात. नाहीतर १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण आपलंच होतं! रेल्वे आणि सेनादलाचे संघ तगडे आहेत. रेल्वेचं भुसावळकरांना मी काय सांगू?